प्राध्यापकांचा पक्षपात: विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक आपल्याला, किंवा आपल्यासारख्या काही जणांना, इतरांपेक्षा वेगळी वागणूक देतात असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. सर्व उत्तरांमागे एकच विचार आहे: प्राध्यापकांच्या मनात काय आहे हे सिद्ध करण्याच्या मागे लागू नये, त्यांनी काय केले आणि तशाच परिस्थितीत दुसऱ्याच्या बाबतीत वेगळे काय केले, हे दाखवावे. तक्रारीच्या मुदती, अर्जाचे नमुने आणि समित्यांची नावे प्रत्येक संस्थेत वेगळी असतात, त्यामुळे तेवढे मात्र आपल्या संस्थेच्या नियमपुस्तिकेतच पाहावे लागेल.

प्राध्यापक कडक आहेत की पक्षपाती, हे कसे ओळखावे?

कडकपणा सर्वांना सारखा लागू होतो, पक्षपात माणूस पाहून लागू होतो. उशिरा आलेले प्रत्येक जर्नल परत करणारे प्राध्यापक कडक आहेत. तुम्हाला ते आवडोत वा न आवडोत, त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप टिकणार नाही. पण एकाचे दोन दिवस उशिरा आलेले जर्नल हसून ठेवून घेतले आणि दुसऱ्याचे त्याच दिवशी, तेवढ्याच उशिरासाठी परत केले, तर प्रश्न विचारायला नक्कीच जागा आहे.

येथे स्वभावाने फसू नये. काही प्राध्यापक तोंडाने फटकळ असतात, वर्गात चारचौघांत टोचून बोलतात, पण गुण देताना कोणाचेही नाव पाहत नाहीत. उलट अतिशय गोड बोलणारे, प्रत्येकाची विचारपूस करणारे प्राध्यापक अंतर्गत गुणांच्या वेळी ठरावीक मुलांच्याच पदरात माप टाकतात, असेही घडते. फटकळ बोलण्याबद्दलही तक्रार करता येते. मात्र ती अपमानास्पद वर्तनाची तक्रार असते आणि ती तशीच मांडावी.

तुलना करताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ज्या विद्यार्थ्याला मुदतवाढ मिळाली, त्याने आजारपणाचे प्रमाणपत्र आधीच दिलेले असू शकते, किंवा त्याला संस्थेने अधिकृत सवलत मंजूर केलेली असू शकते, आणि ही माहिती प्राध्यापकांनी वर्गात सांगणे अपेक्षितही नाही. म्हणून एका प्रसंगावरून निष्कर्ष काढण्याऐवजी तेच पुन्हा पुन्हा, त्याच माणसांच्या बाबतीत आणि त्याच दिशेने घडते का, हे पाहावे.

एका परीक्षेत अपेक्षेपेक्षा फार कमी गुण मिळाले. याला पक्षपात म्हणता येईल का?

केवळ तेवढ्यावरून नाही. उत्तरपत्रिका तपासणे हे काम वाटते तितके काटेकोर नाही, आणि हे शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. 1912 मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवली. तिला 100 पैकी 64 पासून 98 पर्यंत गुण मिळाले. भाषेच्या विषयात असे होणारच, असा आक्षेप आला, म्हणून 1913 मध्ये त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तेथे तफावत कमी होण्याऐवजी आणखी वाढली. त्या शिक्षकांपैकी कोणीही त्या विद्यार्थ्याला ओळखत नव्हते, म्हणजे राग-लोभाचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे एका पेपरातील कमी गुण हा फार तर फेरतपासणी मागण्याचा विषय होतो. पक्षपाताचा मुद्दा तेव्हा उभा राहतो, जेव्हा नाव झाकलेल्या किंवा बाहेरच्या परीक्षकांनी तपासलेल्या परीक्षेत तुमचे गुण वर्गातील इतरांच्या बरोबरीने असतात आणि या प्राध्यापकांच्या हातातील गुण मात्र सत्रामागून सत्र खाली राहतात.

पक्षपात मुद्दाम केलेला आहे, हे दाखवावे लागते का?

नाही, आणि त्या फंदात पडूही नये. हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, आणि बहुतेक वेळा तो नसतोही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये असे दाखवले की, सैन्यातील वरिष्ठांना आपल्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितले, तरी हे गुण एकमेकांशी वाजवीपेक्षा जास्त जुळतात. एका बाबतीतील छाप बाकीच्या सगळ्यांवर पसरते. वर्गातही हेच होते. पहिल्याच आठवड्यात नेमके उत्तर देणारी मुलगी ‘हुशार’ ठरते आणि मग तिच्या मोघम वाक्यातही अर्थ शोधला जातो. पहिल्या तासाला उशिरा आलेला मुलगा ‘बेशिस्त’ ठरतो आणि त्याच्या नेमक्या वाक्याच्या कडेलाही प्रश्नचिन्ह पडते.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांचा 1968 साली प्रसिद्ध झालेला प्राथमिक शाळेतील प्रयोग याच्याही पुढे जातो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या काही मुलांबद्दल शिक्षकांना सांगण्यात आले की, ही मुले यंदा मोठी झेप घेतील. वर्षाअखेरीस, विशेषतः लहान वर्गांत, त्या मुलांची प्रगती खरोखरच अधिक दिसली. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर नंतर बराच वाद झाला, पण शिक्षकांच्या अपेक्षेचा मुलांवर परिणाम होतो, ही गोष्ट त्या वादातूनही उरली.

याचा व्यावहारिक उपयोग असा की, ‘सर माझा द्वेष करतात’ हे वाक्य तक्रारीतून काढून टाकता येते. प्राध्यापकांना ते अन्यायाचे वाटते, समितीला तपासता येत नाही, आणि सगळी चर्चा सरांच्या स्वभावावर घसरते.

पक्षपात गुणांखेरीज आणखी कशात दिसतो?

कोणाचा हात वर दिसतो आणि कोणाचा दिसत नाही. प्रकल्पाचे विषय आणि गट कोण ठरवते. प्रयोगशाळेतील चालू स्थितीतले उपकरण कोणाच्या वाट्याला येते. स्पर्धा, शिष्यवृत्ती, प्रशिक्षण यांची सूचना कोणाला खासगीत आधी मिळते. शिफारसपत्र कोणाला तपशीलवार आणि कोणाला चार ओळींचे मिळते. यांतील प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ वाटते, आणि तक्रार करायला गेल्यावर ‘एवढ्या तेवढ्यावरून काय?’ असेच ऐकावे लागते. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र गुणपत्रिकेवरील पाच-दहा गुणांपेक्षा मोठा असतो.

नोंदी कशा ठेवाव्यात?

ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. प्रसंग घडला त्याच दिवशी, शक्यतो त्याच संध्याकाळी, तारीख, तास, ठिकाण, प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द आणि उपस्थित असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. ‘सर मला नेहमी खाली पाडून बोलतात’ ही नोंद नव्हे, ते मत झाले. नोंद अशी असते: ‘मंगळवार, तिसरा तास. मी आकृतीतील दुसऱ्या टप्प्याबद्दल शंका विचारली. सर म्हणाले, “तुला सांगून काय उपयोग, बस खाली.” पाच मिनिटांनी मागच्या बाकावरील विद्यार्थ्याने तीच शंका विचारली, तेव्हा सरांनी फळ्यावर आकृती पुन्हा काढली. माझ्या बाकावरील दोघींनी हे ऐकले.’ या नोंदीत एकही विशेषण नाही आणि तरीही वाचणाऱ्याला काय झाले ते कळते.

तपासलेल्या उत्तरपत्रिका, शेरे असलेली जर्नलची पाने, सबमिशन स्वीकारल्याच्या सह्या, ईमेल आणि वर्गाच्या गटावर आलेल्या सूचना यांच्या प्रती तारखेनुसार ठेवाव्यात. मित्रांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांची प्रत हवी असेल, तर त्यांची परवानगी घेऊनच ती घ्यावी. उद्या तोच मित्र ‘मला न विचारता घेतली’ असे म्हणाला, तर पुरावाही जातो आणि मैत्रीही. तुमच्या बाजूने न बोलणाऱ्या गोष्टीही नोंदवाव्यात. सरांनी एखाद्या दिवशी तुम्हाला नीट समजावून सांगितले असेल, तर तेही वहीत यावे, कारण एकाच बाजूची नोंदवही पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते.

वर्गात गुपचूप ध्वनिमुद्रण करावे का?

शक्यतो करू नये. अनेक ठिकाणी संस्थेचे नियम, आणि काही ठिकाणी कायदाही, संमतीशिवाय ध्वनिमुद्रणाला मनाई करतो, आणि मग प्राध्यापकांच्या वागण्याऐवजी तुमच्याच वागण्याची चौकशी सुरू होते. त्याच दिवशी केलेली लेखी नोंद आणि दोन साक्षीदार एवढे बहुतेक समित्यांना पुरते.

आधी प्राध्यापकांशीच बोलावे का?

प्रश्न गुणांचा, मुदतीचा किंवा वर्गातील दुर्लक्षाचा असेल, तर होय. बरेच प्राध्यापक आपण असे करतो आहोत हे कोणी दाखवून दिल्यावर खरोखर सावध होतात. शिवाय पुढे तक्रार करावी लागली, तर ‘आधी माझ्याशी का बोलला नाहीत?’ या हमखास येणाऱ्या प्रश्नाला उत्तर तयार असते. मात्र जात, धर्म, वर्ण, लिंग, अपंगत्व यांवरून अपमान होत असेल, धमकी दिली गेली असेल, किंवा शारीरिक जवळीक वा इतर कोणत्याही मागणीच्या बदल्यात गुणांचे आमिष दाखवले गेले असेल, तर एकट्याने भेटायला जाऊ नये. अशा बाबींसाठी बहुतेक संस्थांत स्वतंत्र समिती असते, तेथेच थेट जावे. ‘आधी आपसात मिटवा’ असे कोणी सुचवले, तरी ते मानण्याचे बंधन नाही.

भेट तासानंतर दारात उभ्याउभ्या होऊ नये. तेथे इतर विद्यार्थी थांबलेले असतात आणि प्राध्यापकांना माघार घेणे अवघड जाते. आधी लेखी वेळ मागावी. निरोप साधा असावा: ‘आदरणीय सर, दुसऱ्या चाचणीतील चौथ्या प्रश्नाला मला 10 पैकी 3 गुण मिळाले आहेत. उत्तरात व्याख्या, आकृती आणि दोन उदाहरणे आहेत. गुण कोणत्या मुद्द्यांवर कमी झाले, हे समजले तर पुढील उत्तरात सुधारणा करता येईल. आपल्या सोयीच्या वेळी उत्तरपत्रिका घेऊन येऊ का?’ यात आरोप नाही, पण उत्तर द्यावे लागेल असा नेमका प्रश्न आहे. ‘मला कमी का दिले?’ याला ‘कारण तेवढीच लायकी होती’ असे उत्तर देता येते, ‘कोणत्या मुद्द्यावर?’ याला तसे देता येत नाही.

भेटीत आपल्याच उत्तराबद्दल बोलावे. ‘तिला सात आणि मला तीन’ असे सुरुवातीलाच म्हटले, तर प्राध्यापक त्या मुलीचे गुण कमी करून विषय संपवू शकतात, आणि हा विनोद नाही. भेटीनंतर त्याच दिवशी आभाराचा छोटा ईमेल पाठवून चर्चेतील मुद्दे त्यात नमूद करावेत. हा ईमेल सौजन्याचा असतो आणि नोंदीचाही.

फेरतपासणी आणि पक्षपाताची तक्रार यांत फरक काय?

फेरतपासणीत उत्तर तपासले जाते, तक्रारीत वागणूक तपासली जाते. हे दोन वेगळे मार्ग असून त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात, आणि फेरतपासणीची मुदत सहसा फार थोडी असते. विद्यार्थी अनेकदा पक्षपाताच्या तक्रारीचा निकाल लागण्याची वाट पाहतात आणि तोपर्यंत गुणांसाठी दाद मागण्याची संधी निघून जाते. म्हणून गुणांचा अर्ज आधी, वेळेत आणि पक्षपाताचा उल्लेख न करता द्यावा. दुसऱ्या परीक्षकाने गुण लक्षणीय वाढवले, तर तीच पुढील तक्रारीतील सर्वांत वजनदार गोष्ट ठरते. फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात, हा नियम आपल्या संस्थेत आहे का, एवढे मात्र अर्जापूर्वी पाहून घ्यावे.

तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुण यांचे काय? तेथे तर कागदच नसतो.

पक्षपाताला सर्वांत मोकळे रान येथेच असते, हे खरे आहे. म्हणून या बाबतीत परीक्षा झाल्यावर भांडण्यापेक्षा आधीच व्यवस्था मागणे अधिक फलदायी ठरते. सत्राच्या सुरुवातीला वर्गप्रतिनिधीमार्फत, संपूर्ण वर्गाच्या वतीने, अंतर्गत गुणांची विभागणी लेखी मागावी: उपस्थितीला किती, चाचणीला किती, सादरीकरणाला किती आणि कोणत्या निकषांवर. ही मागणी कोणा एकाविरुद्ध नसल्यामुळे ती नाकारणे अवघड असते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असणे, सर्वांचा पहिला प्रश्न तपासून मगच दुसऱ्याकडे जाणे, तोंडी परीक्षेला दोन परीक्षक असणे, या पद्धती अनेक विद्यापीठांत रूढ आहेत आणि त्या सुचवण्यात उद्धटपणा काही नाही.

तोंडी परीक्षेत काही विपरीत घडलेच, तर बाहेर पडल्यावर पहिल्या तासाभरात विचारलेले प्रश्न आणि आपली उत्तरे लिहून काढावीत. तुम्हाला अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न विचारले आणि इतरांना ओळखीचे, हे दाखवायचे असेल, तर त्यांचेही प्रश्न त्याच दिवशी विचारून ठेवावेत. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

तक्रार कोणाकडे करावी आणि पुढे काय होते?

साधारण क्रम विभागप्रमुख, मग प्राचार्य किंवा अधिष्ठाता, मग तक्रार निवारण समिती असा असतो. प्राध्यापक स्वतःच विभागप्रमुख असतील, तर ती पायरी ओलांडावी आणि अर्जात तसे कारण लिहावे. काही विद्यापीठांत स्वतंत्र लोकपालही असतो. या पदाची मूळ कल्पना स्वीडनमधील, 1809 सालची. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाने 1967 मध्ये विद्यार्थ्यांसाठी असे कार्यालय सुरू केले आणि त्यानंतर ही पद्धत अनेक ठिकाणी पसरली. लोकपाल कोणत्याही विभागाच्या उतरंडीत नसतो, त्यामुळे काही ठिकाणी औपचारिक तक्रारीआधी केवळ सल्ला घेण्यासाठीही त्याच्याकडे जाता येते.

नीट चाललेली चौकशी नैसर्गिक न्यायाच्या दोन तत्त्वांवर उभी असते: कोणीही स्वतःच्याच प्रकरणात निवाडा करू नये, आणि दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये. पहिले तत्त्व तुमच्या उपयोगाचे आहे; ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, किंवा त्यांचे निकटवर्ती, समितीत असतील तर हरकत घेता येते. दुसऱ्याचा अर्थ असा की तुमचा अर्ज प्राध्यापकांना वाचायला दिला जाईल. त्यामुळे ते समोर बसून वाचत आहेत असे समजूनच प्रत्येक वाक्य लिहावे.

अर्ज कसा लिहावा?

एका पानात प्रसंग तारखेनुसार, पुढील पानांवर क्रमांक घातलेली कागदपत्रे, आणि शेवटी नेमकी मागणी. मागणीच नसलेले अर्ज आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने येतात. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ ही मागणी नव्हे. उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून तपासली जावी, पुढील तोंडी परीक्षेला अन्य परीक्षक असावा, प्रकल्पाचा मार्गदर्शक बदलून मिळावा, अशी पूर्ण करता येईल अशी गोष्ट मागावी. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.

निनावी तक्रार चालते का?

माहिती म्हणून चालते, चौकशीसाठी क्वचितच. नाव नसले की खुलासा कोणाला विचारायचा, हेच समितीला कळत नाही. अनेकांचा अनुभव सारखा असेल, तर सर्वांच्या सह्यांचा एक अर्ज आणि सोबत प्रत्येकाचे स्वतःच्या शब्दांतील वेगळे निवेदन, हा चांगला मार्ग आहे. एकाच मजकुराखाली चाळीस सह्या असल्या, की निम्म्या जणांना आपण कशावर सही केली हे सांगता येत नाही, आणि चौकशीत ते लगेच उघडे पडते.

तक्रार केल्यावर प्राध्यापक सूड घेतील, अशी भीती वाटते.

ही भीती अवास्तव नाही आणि ‘घाबरू नका’ हे तिला उत्तर नाही. अर्जातच लेखी विनंती करावी की, चौकशी संपेपर्यंत आपले मूल्यमापन दुसऱ्या प्राध्यापकांकडे द्यावे. तक्रारीपूर्वीचे गुण, उपस्थिती आणि शेरे यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. तक्रारीनंतर ते अचानक बदलले, तर तो फरकच बोलतो. स्वतःच्या बाजूने उपस्थिती, सबमिशन, वर्गातील वागणे यांत कोठेही बोट ठेवायला जागा देऊ नये. हे अन्यायकारक आहे, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच जास्त सांभाळून वागावे लागते, पण चौकशीच्या काळात त्याला पर्याय नाही.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती यापेक्षा बिकट असते, कारण मार्गदर्शक एकच असतो आणि पदवी, निधी, शिफारसपत्र हे सगळे त्याच्याच सहीवर अडते. अशा वेळी तक्रारीआधी पर्यायी मार्गदर्शक शोधून त्यांची तोंडी तयारी विचारून घेणे, आणि केलेल्या कामाच्या तारखेसह प्रती स्वतःकडे ठेवणे, या दोन गोष्टी बाकी सर्व सल्ल्यांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

समाजमाध्यमांवर नावासह लिहावे का?

चौकशी चालू असताना तरी नको. बदनामीचा दावा उलट तुमच्यावरच होऊ शकतो, आणि साक्ष देणार असलेले वर्गमित्र त्या गदारोळात मागे सरतात.

पक्षपात माझ्या बाजूने होत असेल तर?

हा प्रश्न फार कमी विद्यार्थी विचारतात, पण लाडक्या विद्यार्थ्याच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात. सरांनी खासगीत कळवलेली स्पर्धेची सूचना वर्गाच्या गटावर टाकता येते. सतत आपल्यालाच उत्तर विचारले जात असेल, तर ‘सर, तिचाही हात वर आहे’ असे म्हणता येते. कोणाच्या तक्रारीत तुमच्या नावाशी तुलना झाली, तर ती तुमच्याविरुद्धची तक्रार नसते. चौकशीत विचारले गेल्यास जे घडले तेवढेच सांगावे.

तक्रार फेटाळली गेली, किंवा आता अभ्यासक्रमच संपला आहे. काही करता येते का?

फेटाळण्याची कारणे लेखी मागावीत. ‘पुरावा अपुरा’ आणि ‘तक्रारीत तथ्य नाही’ हे दोन वेगळे निर्णय आहेत; पहिल्यात नवी कागदपत्रे जोडून वरच्या पायरीवर अपील करायला वाव असतो. अभ्यासक्रम संपल्यानंतरही वर्तनाबद्दलची तक्रार अनेक संस्था स्वीकारतात, आणि निकाल हातात असल्यामुळे माजी विद्यार्थी अधिक मोकळेपणाने बोलतातही. मात्र तपासलेल्या उत्तरपत्रिका संस्था ठरावीक काळच जपून ठेवतात आणि मग नष्ट करतात, त्यामुळे तक्रारीचा मसुदा नंतर झाला तरी चालेल, छायाप्रतीचा अर्ज आधी द्यावा.